नैसर्गिक काय आणि मानवनिर्मित काय? : प्राथमिक शाळेतील भूगोलाविषयी

प्राथमिक शाळेत जे विषय शिकवले जातात त्यांत भूगोल हा सर्वांत निरुपद्रवी समजला जातो. इतिहासाच्या पुस्तकावरून आपल्याकडे मोर्चे निघतात, भाषेच्या पुस्तकातल्या एखाद्या धड्यावरून गदारोळ होतो. परंतु प्राथमिक शाळेच्या भूगोलावरून कोणी कोणाशी भांडल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. डोंगर, नद्या, पिके आणि पाऊस यांत भांडण्यासारखे काय आहे, अशी सर्वांची समजूत असते. दलित चळवळीनेही शिक्षणाचा विचार करताना इतिहास आणि साहित्य यांकडे जेवढे लक्ष दिले तेवढे भूगोलाकडे दिलेले नाही. आमचा इतिहास कोणी लिहिला, हा प्रश्न आपण विचारला. आमच्या गावाचा नकाशा कोणी आखला, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो, आणि आपल्या मुलांच्या वर्गात तर तो पोहोचलेलाच नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्यात लहान मुलांना शिकवताना हा प्रश्न मला पडला. कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक बांधव यांच्यापुढे तो विचारासाठी ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

१

तिसरी-चौथीला एक पाठ असतो. फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकावर ‘नैसर्गिक’ आणि दुसऱ्यावर ‘मानवनिर्मित’ असे लिहायचे. मुले एकेक नाव सांगतात आणि शिक्षक ते योग्य त्या रकान्यात लिहितो. डोंगर, नदी, झाड, पाऊस एका बाजूला. पूल, रस्ता, धरण, कारखाना दुसऱ्या बाजूला. पाठ सोपा असतो, अर्ध्या तासात संपतो. एकदा माझ्या वर्गात एका मुलाने ‘पूर’ असे नाव सांगितले. मी ते ‘नैसर्गिक’च्या खाली लिहिले आणि पुढे गेलो. पूर ही नैसर्गिक आपत्ती, हे आपण सर्वच शिकलेलो आहोत.

तो मुलगा पवनेच्या काठच्या वस्तीत राहणारा होता. जोराच्या पावसात त्या वस्तीत पाणी शिरते. माणसे भांडीकुंडी, अंथरुणे आणि रेशनकार्ड घेऊन बाहेर पडतात आणि महापालिकेच्या शाळांमध्ये त्यांची तात्पुरती सोय केली जाते. म्हणजे ज्या खोलीत तो ‘पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे’ हे वाक्य पाठ करतो तशाच खोलीत तो पुराच्या रात्री झोपतो. मी फळ्यावर लिहिलेले उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. परंतु त्या मुलाच्या बाबतीत ते अर्धेच खरे होते.

पाऊस नैसर्गिक आहे. पावसाने नदी फुगते हेही नैसर्गिक आहे. परंतु पवनेवर धरण आहे आणि त्यातून पाणी केव्हा व किती सोडायचे हे माणसे ठरवतात. नदीच्या पात्रात भराव घातले जातात, त्यामुळे पाण्याची वाट अरुंद होते. भरावही माणसेच घालतात. नदीच्या काठाने पाटबंधारे खात्याने पूररेषा आखलेल्या असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. या रेषा दाखवणारा नकाशा सरकारी कचेरीत असतो. ज्यांची घरे त्या रेषेच्या आत आहेत त्यांच्या मुलांनी तो नकाशा कधी पाहिलेला नसतो. आणि शेवटचा प्रश्न असा की, या काठावर कोण राहायला आले आणि का? शहरात दुसरी जागा परवडत नाही आणि कारखाना पायी जाण्याच्या अंतरावर हवा, म्हणून माणसे येथे आली. यात निसर्गाचा हात कोठेही नाही.

म्हणून पूर हा शब्द एका रकान्यात बसत नाही. पाणी एका रकान्यात जाते आणि पाण्याच्या वाटेवर वसलेली वस्ती दुसऱ्या रकान्यात जाते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे कळते. कळण्याच्या आड त्याचे वय येत नाही. आपण केलेली घाई येते.

२

हा फरक आपल्याला इतका महत्त्वाचा का वाटावा? कारण वर्णव्यवस्थेचे सारे बळ या दोन रकान्यांची अदलाबदल करण्यात आहे. माणसाने केलेली गोष्ट निसर्गाने, देवाने किंवा पूर्वजन्मीच्या कर्माने केली आहे असे एकदा पटवून दिले की मग तिच्याविरुद्ध कोणी हात उचलत नाही. डोंगरावर कोण रागावतो?

आपल्या गावांची रचना पाहावी. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरलेले होते. ओढ्याचा वरचा पाणवठा सवर्णांचा आणि खालचा अस्पृश्यांचा. म्हणजे वरच्यांनी वापरलेले पाणी खाली यायचे, खालचे पाणी वर जाण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी उताराकडे वाहते हा निसर्गाचा नियम. त्या उतारावर कोणाला कोठे बसवायचे हा माणसाचा नियम. जातीने आपले काम भूगोलाकडून करून घेतले ते असे. १९२७ च्या मार्च महिन्यात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर माणसे ओंजळ भरायला गेली तेव्हा तळे तेच होते, पाणी तेच होते. तेथे जाण्याची वाट माणसांनी बंद केलेली होती.

दुसरे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्याचे आहे. पेशवाईत महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर पुणे शहराच्या वेशीच्या आत येण्यास बंदी होती, असे नोंदले गेले आहे. कारण काय, तर त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती सवर्णाच्या अंगावर पडून विटाळ होतो. भूगोलाचा शिक्षक मैदानात काठी रोवून सावलीचा पाठ घेतो तेव्हा त्याला ही हकिकत ठाऊक असली पाहिजे. आठ वर्षांच्या मुलांना ती सांगायलाच हवी असे नाही. परंतु सकाळी सावली लांब का, दुपारी आखूड का, हे सूर्याच्या कोनावर अवलंबून आहे आणि सर्वांच्या सावल्या एकाच नियमाने पडतात, हे ज्या मुलाने दोरीने मोजून पाहिले आहे त्याला पुढे ती हकिकत वाचताना तिचा खोटेपणा वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. महार-मांगांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून तेथे मोठमोठ्या इमारती उठवल्या गेल्या, हे ती त्यात सांगते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या महार-मांगाचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जात असे, हेही ती सांगते. आज गुलटेकडी म्हटले की पुणेकरांना भाजीपाल्याचा बाजार आठवतो. मुक्ताने त्या जागेची दुसरी ओळख लिहून ठेवली. जागेविषयी प्रश्न विचारण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे, आणि ती शाळेतल्या एका मुलीने सुरू केलेली आहे.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीला होते. सुट्टीत त्यांना भेटायला साताऱ्याहून ही मुले निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. आम्ही महार आहोत हे कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला. गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. सोबत शिदोरी होती, परंतु रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. मसूर ते गोरेगाव हे अंतर नकाशावर पट्टीने मोजता येते. त्या वाटेवर कोणाला पाणी मिळेल आणि कोणाला मिळणार नाही, हे कोणत्याही नकाशावर दाखवलेले नव्हते. नकाशा खोटा होता असे मी म्हणत नाही. नकाशात काय घ्यायचे आणि काय गाळायचे हेही माणसेच ठरवतात, आणि हा भूगोलाचाच एक धडा आहे.

३

यावरून भूगोल हा विषय आपल्या मुलांच्या उपयोगाचा नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. आपल्या विचारपरंपरेने भूगोल मागून घेतलेला आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम सुचवला. त्यात मोडी व बाळबोध लेखन-वाचन आणि हिशेब यांच्या जोडीला सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचा समावेश होता. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, परंतु शिक्षण व्यवहारोपयोगी असण्यात ते उणे पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना सही करता आली आणि पत्र वाचता आले म्हणजे पुरे, असे त्यांनी मानले नाही. जग केवढे आहे आणि त्यात आपण कोठे आहोत, हे त्या मुलांना कळले पाहिजे अशी मागणी त्यांनी केली.

आज ती मागणी कागदावर पूर्ण झालेली आहे. आज प्रौढ असलेल्या बहुतेकांनी तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकलेला आहे. पुढे त्याचे नाव परिसर अभ्यास झाले. जवळून दूर जायचे, हे त्यामागचे तत्त्व : आधी घर व शाळा, मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश. तत्त्व योग्य आहे. परंतु त्यात दोन अडचणी आहेत आणि त्या पिंपरीसारख्या ठिकाणी ठळकपणे दिसतात.

पहिली अडचण अशी की, पुस्तकातला ‘परिसर’ आणि मुलाचा परिसर एक नसतो. पुस्तकातल्या चित्रात अंगण असते, अंगणात झाड असते, घरात स्वयंपाकघर वेगळे असते. आमच्या वर्गातली बरीच मुले एका खोलीत राहतात. शिवाय ‘आपला जिल्हा’ म्हणजे पुणे जिल्हा, असे पुस्तक सांगते. आणि मुलाच्या घरी ‘आपल्याकडे’ हा शब्द लातूर, बीड, धाराशिव, परभणी किंवा जालना यांसाठी वापरला जातो. चाकणच्या बाजूला गेलात तर ‘आपल्याकडे’ म्हणजे बिहार आणि ओडिशासुद्धा असू शकते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जवळून दूर जायचे असते, परंतु गरीब मुलांच्या बाबतीत आपण जवळच थांबतो. यांना दूरचे काय करायचे आहे, ही भावना न बोलता वर्गात वावरत असते. परिसर अभ्यासाच्या नावाखाली वस्तीतल्या मुलाला वस्तीचाच अभ्यास करायला लावून आफ्रिकेची वाळवंटे आणि हिमालयातल्या हिमनद्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी ठेवणे, हा वेशीचा नवा प्रकार होईल. परिसर हा दरवाजा आहे असे समजून शिकवले तरच या तत्त्वाचा उपयोग आहे.

४

मग शिकवायचे कसे? मी येथे जे सांगतो त्याला साधने लागत नाहीत. एक काठी, दोरी, खडू आणि जमीन एवढे पुरते.

दिशेपासून सुरुवात करावी. भिंतीवर टांगलेल्या नकाशामुळे मुलांचा असा समज होतो की उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली. उत्तर कोठे आहे असे विचारले तर काही मुले छताकडे बोट दाखवतात. मग नद्या नकाशावर वरून खाली वाहत असणार, असेही त्यांना वाटते. यावर उपाय सोपा आहे. नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरावा आणि त्याची उत्तर बाजू खऱ्या उत्तरेकडे करावी. खरी उत्तर शोधण्यासाठी मैदानात काठी रोवावी. हिवाळ्यात भर दुपारी, सावली सर्वांत आखूड असते तेव्हा, ती आपल्याकडे उत्तरेकडे पडते. मग मुलांना कळते की पवना मावळातल्या डोंगरातून येते, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. आणि आपण सर्व तिच्या वाटेवर उभे आहोत.

यानंतर प्रमाण. शाळेचे मैदान पावलांनी मोजावे. दहा पावले म्हणजे पाटीवर एक बोट, असे ठरवावे आणि मैदानाचा आराखडा काढावा. दोन मुलांच्या पावलांत फरक पडतो आणि भांडण होते. ते भांडण होऊ द्यावे, कारण सर्वांसाठी एकच माप का लागते हे त्यातून कळते. माप ज्याच्या पावलाचे असते त्याचे मैदान मोठे ठरते, हे मुलांच्या लक्षात येते. एकदा आराखडा काढता आला की नकाशा ही छापखान्यातून आलेली पवित्र वस्तू राहत नाही. आपल्यासारख्याच कोणी माणसाने काही ठरवून काढलेली गोष्ट होते.

तिसरा पाठ पाण्याचा. नळाचे पाणी कोठून येते, असे विचारले की मुले ‘टाकीतून’ म्हणतात. टाकीत कोठून, असे विचारत मागे मागे जावे. निगडीचे जलशुद्धीकरण केंद्र, रावेतचा बंधारा, पवना नदी, मावळातले पवना धरण. धरण बांधले तेव्हा तेथली गावे उठली, हे सांगावे. ९ ऑगस्ट २०११ रोजी, धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी टाकल्या जाणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर मावळात बऊर येथे द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. मोठ्या मुलांना हेही सांगावे. आपल्या वस्तीत पाणी कमी दाबाने येते ही आपली तक्रार खरी आहे, आणि आपल्या नळाच्या दुसऱ्या टोकाला आणखी कोणाची तरी तक्रार आहे हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येणे, हे भूगोलाने दिलेले शहाणपण आहे.

मग पाण्याबरोबर खालच्या बाजूला जावे. वस्तीतली गटारे नाल्याला मिळतात आणि नाले पवनेला. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा भीमेला. भीमा उजनीच्या धरणात थांबते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणून पुजली जाते, पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कारखान्याचे आणि शहराचे न शुद्ध केलेले पाणी नदीत गेले तर ते उजनीच्या काठी कोणाच्या तरी हंड्यात जाणार. एकेकाळी वरच्या पाणवठ्याचे पाणी खालच्यांनी प्यावे असा नियम होता. आज आपण एका मोठ्या शहरात आहोत आणि आपल्याही खाली कोणी आहेत, हे आपल्या मुलांना कळले पाहिजे. समतेची भाषा बोलणाऱ्यांनी उताराचा हा अर्थ विसरता कामा नये.

चौथा पाठ कामाचा. कारखाने येथेच का आले? बोरघाटातून १८६३ साली लोहमार्ग सुरू झाला. मुंबई-पुणे रस्ता येथूनच जातो. सपाट जमीन होती, नदीचे पाणी होते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात मोटारींचे मोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. नंतरच्या काळात कारखाने चाकणकडे सरकले. हे आकडे फळ्यावर लिहून झाले की मुलांना विचारावे : जमीन, पाणी, लोहमार्ग, यंत्रे हे सर्व आपण लिहिले, कारखाना चालवायला आणखी काय लागते? कोणी तरी ‘माणसं’ असे म्हणतेच. मग ती माणसे कोठून आली, हा पुढचा पाठ.

या पाठासाठी वल्लभनगरचे एस.टी. स्थानक हे उत्तम साधन आहे. वाचता न येणाऱ्या मुलालासुद्धा गाडीच्या पाटीवरचे आपल्या गावच्या वाटेचे नाव ओळखू येते. वर्गात जमिनीवर महाराष्ट्राची बाह्यरेषा खडूने काढावी, पिंपरीच्या जागी एक खडा ठेवावा आणि प्रत्येकाने आपल्या मूळ गावापर्यंत दोरा धरावा. सिंधमधून फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेल्या कुटुंबातले मूल वर्गात असेल तर त्याचा दोरा रेषेच्या बाहेर जातो. बिहारच्या मुलाचा दोरा दाराबाहेर जातो. येथे कोण मूळचा आणि कोण उपरा, हा प्रश्न त्या दोऱ्यांकडे पाहिल्यावर फारसा शिल्लक राहत नाही.

स्थलांतराची कारणे म्हणून आपण साधारणपणे नोकरी, शिक्षण, लग्न आणि दुष्काळ ही कारणे सांगतो. १९७२ च्या दुष्काळाने गावे ओस पडली हे खरेच आहे. परंतु १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले, हेही स्थलांतराचे कारण आहे. काही घरांत आजी-आजोबा ते सांगतात, काही घरांत सांगत नाहीत. पाऊस पडला नाही म्हणून गाव सोडणे आणि माणसांनी राहू दिले नाही म्हणून गाव सोडणे, ही कारणे पुन्हा आपल्या त्या दोन रकान्यांत वेगवेगळ्या जागी जातात.

५

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण वर सांगितलेली पद्धत बेफिकिरीने वापरली तर ती मुलाला इजा करते. मी एकदा ‘घर ते शाळा’ असा नकाशा काढायला सांगितला. एका मुलीने रस्ता, चौक, कंपनीचे फाटक हे सर्व अगदी नीट काढले आणि आपले घर म्हणून एका मोठ्या सोसायटीची इमारत काढली. मला तिचे घर ठाऊक होते. मी सर्वांसमोर म्हणालो, ‘अगं, हे तुझं घर नाही.’ ती काही बोलली नाही. तिने घर खोडले आणि कागद कोरा ठेवून दिला.

नकाशा चुकला होता हे खरे. परंतु तिने तो अज्ञानाने चुकवलेला नव्हता. पत्ता सांगितला की जात आणि परिस्थिती दोन्ही कळतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पट्टीने रेषा मारण्याच्या नादात मी तिला वर्गासमोर उघडे केले. भूगोल शिकवताना ती जे शिकली होती तेच मी ध्यानात घेतले नाही.

तेव्हापासून मी मुलांना घर काढायला सांगत नाही. सार्वजनिक गोष्टी काढायला सांगतो : पाण्याची टाकी, नाला, रेशनचे दुकान, बसथांबा, दवाखाना, कंपनीचे फाटक, विहार, देऊळ, मशीद. उतार बाणाने दाखवायला सांगतो. पाणी कोठे साचते, दिवे कोठे नाहीत, कचऱ्याची गाडी कोठपर्यंत येते, हे खुणांनी दाखवायला सांगतो. हा नकाशा कोणा एकाच्या घराचा नसतो, म्हणून कोणा एकाला लाज वाटत नाही. आणि त्यातून जे दिसते ते सर्वांना दिसते. घर दाखवावेसे वाटेल त्याने ते आपण होऊन दाखवावे. कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या अभ्यासवर्गात असा नकाशा मुलांकडून करून घेतला तर तो महापालिकेकडे द्यायच्या अर्जाला जोडण्याइतका उपयोगी होतो, असेही सुचवावेसे वाटते.

याच संदर्भात वस्त्यांच्या नावांचा विचार करावा. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय आवश्यकच होता. आपल्या मुलाला शाळेच्या दाखल्यावर असा पत्ता लिहावा लागू नये, ही मागणी साधी माणुसकीची आहे. परंतु नाव बदलले तरी ती वस्ती ओढ्याच्या त्याच खालच्या अंगाला असते आणि स्मशानाची वाट तिच्याच दारावरून जात असते. नाव बदलण्याचे काम शासकीय निर्णयाने होते. जागा बदलण्याचे, निदान त्या जागी पाणी, रस्ता आणि निचरा आणण्याचे काम बाकी राहते. आणि ते काम ओळखायला नकाशा वाचता यावा लागतो.

६

शेवटी दूरच्या भूगोलाविषयी. पिंपरीपासून थोड्याच अंतरावर देहूरोड आहे. तेथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ती मूर्ती ब्रह्मदेशातून आलेली होती. आमच्या वर्गातली पुष्कळ मुले तेथे आईवडिलांबरोबर गेलेली असतात. ब्रह्मदेश कोठे आहे हे मात्र त्यांना ठाऊक नसते. पाण्याचा पाठ झाल्यानंतर मी जगाचा नकाशा जमिनीवर अंथरतो आणि मुलांना भीमा-कृष्णेच्या वाटेने बोट फिरवत बंगालच्या उपसागरापर्यंत जायला सांगतो. तेथे बोट थांबले की म्हणतो, आता समुद्र ओलांडा. पलीकडे ब्रह्मदेश लागतो. आपल्या वस्तीतले पाणी ज्या समुद्राला जाते त्याच्या पलीकडच्या देशातून आपल्या विहारातली मूर्ती आलेली आहे, हे कळल्यावर मुले पुन्हा पुन्हा तेथून बोट फिरवतात. मग १९१३ साली बाबासाहेब बोटीने न्यूयॉर्कला गेले ती वाट दाखवायला ती स्वतःच सांगतात.

साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसवलेला मुलगा अटलांटिक महासागर ओलांडून गेला. त्याच्या बसण्याची जागा निसर्गाने ठरवलेली नव्हती, म्हणूनच त्याला तेथून उठता आले. आपल्या मुलांना भूगोल शिकवायचा तो यासाठी. डोंगराला डोंगर म्हणायचे आणि भिंतीला भिंत म्हणायचे, एवढे त्यांना चौथीपर्यंत नीट आले तर पुढचा अभ्यास ती आपल्या बळावर करतील.

त्या मुलाने सांगितलेला ‘पूर’ हा शब्द मी आता दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेषेवर लिहितो आणि मुलांना विचारतो, यातले कोणते पाणी पावसाचे आणि कोणते माणसांचे? उत्तरे पुस्तकात नसतात. वर्गात मात्र ती मिळतात.